पायऱ्यांवरचं ऊन

थोरली मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि जेवणाच्या सुट्टीत रस्त्यावरचे फोटो काढायची. गेले नऊ दिवस ती एकाच जिन्यापाशी तळ ठोकून होती. दुपारी एकच्या सुमाराला दोन इमारतींच्या फटीतून पायऱ्यांवर उन्हाची पट्टी पडायची, जेमतेम सात मिनिटं. त्या पट्टीत एखादंच माणूस यायला हवं होतं. पण लोक यायचे ते घोळक्यानं, नाहीतर ऊन सरल्यावर.

दहाव्या दिवशी आई बरोबर होती. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते. तपासणी आटोपून दोघी घरी निघाल्या होत्या. वाटेत जिना लागला, एक वाजत आला होता. थोरलीला राहवलं नाही.

"आई, पाच मिनिटं या बाकावर बस. हलू नकोस हं."

"तुझी पाच मिनिटं मला ठाऊक आहेत," आई म्हणाली, पण बसली.

थोरलीनं कॅमेरा डोळ्याला लावला. सायकल हातात धरून एक जण गेला. मग कडेला कुणाची तरी पाठ आडवी आली. चरफडतच तिनं बटण दाबलं. आणि मग एक उंच माणूस, अगदी एकटा, पायऱ्या उतरू लागला. तिनं श्वास रोखला. अजून तीन पायऱ्या. सहज मागे नजर गेली, तर बाक रिकामा.

पुढे भरधाव गाड्यांचा रस्ता, आईला एका डोळ्यानं अंतर कळत नव्हतं, आणि तिचा फोन थोरलीच्याच पिशवीत. कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याला विचारलं, त्यानं आईला पाहिलंच नव्हतं. ती रस्त्यापर्यंत धावली, परत आली. काय करावं सुचेना. शेवटी तिनं काढलेले फोटो मागे नेऊन पाहिले. मघाची ती पाठ आईची होती. करडा स्वेटर, भिंतीला टेकलेला हात, शेजारच्या गल्लीत वळताना. आपणच फोटो काढला आणि आईला ओळखलं नाही.

गल्लीत किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानात आई पाणी पीत बसली होती.

"ऊन सोसवेना गं. दोनदा हाक मारली तुला."

"ऐकूच आली नाही."

"ते दिसलंच. मिळाला का फोटो?"

"नाही."

"मग उद्या ये. एकटी ये."

थोरली चार दिवसांनी गेली. तोवर उन्हाची पट्टी सरकून भिंतीवर चढली होती. तरी ती कॅमेरा घेऊन उभी राहिली, पण दर मिनिटाला तिची मान मागे वळत होती.