अरुंद गोलखांबाची साक्ष

मित्रांनो, मी फुटबॉलच्या मैदानावरचा एक जुना लोखंडी गोलखांब आहे, आणि मी अरुंद आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला बघायला येणारा जो तो पहिलं हेच विचारतो, "हा असा काय आखडलेला?" मी आखडलेला नाही. मला असाच केलाय. पोर्ट कॅलनच्या फेरीमेन संघाच्या सरावाच्या मैदानावर, सरोवराकडच्या टोकाला, मी बावीस वर्षं उभा आहे. उद्या कुणी मला फुकटात रुंद करून देतो म्हणालं, तरी मी तयार होणार नाही.

माझा जन्म बंदराजवळच्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. संघात लॉईड क्रेब्झ नावाचे कोच आहेत, फक्त किक मारणाऱ्यांना शिकवणारे. त्यांनी माप पाठवलं, नऊ फूट चार इंच. वेल्डरला वाटलं लिहिण्यात गफलत झाली असणार, कारण सामन्यातला गोलखांब अठरा फूट सहा इंच रुंद असतो. त्याने दोनदा फोन करून विचारलं. क्रेब्झ म्हणाले, "अहो, माप बरोबर आहे. अर्ध्यातून काढायला शिकला, की पूर्ण खांब त्याला अंगणाएवढा वाटेल." मग माझं खोड, आडवा दांडा आणि दोन उभे दांडे जोडले गेले, पिवळा रंग चढला आणि मी इथे आलो.

आमच्याकडचा फुटबॉल हातात धरून पळायचा. चेंडू लंबगोल, माणसं धिप्पाड, तीन तास एकमेकांवर आदळत राहतात. आणि एवढं सगळं झाल्यावर सामना पुष्कळदा एका सडपातळ माणसाच्या पायावर येऊन थांबतो. त्याला किकर म्हणतात. त्याने दोन दांड्यांच्या मधून चेंडू काढला तर सगळे त्याला डोक्यावर घेतात, नाही काढला तर सोमवारी सकाळी त्याच्या कपाटावरची नावाची पाटी निघालेली असते. संघात त्रेपन्न जण, पण त्याच्याशी धड कुणी बोलत नाही. मला मात्र किकर आवडतात. एका माणसाकडून इतकं मागायचं आणि त्याला जेवताना शेजारी बसवून घ्यायचं नाही, हे मला कधी पटलं नाही.

माझं कौतुकही झालं. माझ्यासमोर घाम गाळलेल्या एका किकरने एका मोसमात ओळीने एकतीस किक आत मारल्या, तेव्हा वर्तमानपत्रवाले माझा फोटो काढून घेऊन गेले. मग हळूहळू सगळे विसरले. टीव्हीवाले आले की समोरच्या टोकाच्या रुंद खांबाखाली उभे राहतात. तो दिसायला भरलेला ना. मला दर ऑगस्टात रंग लावते ती फक्त डोरीन. ती मैदानाची देखभाल करते आणि रंग लावताना मला संघातल्या सगळ्या बातम्या सांगते. मी पुढे जे सांगणार आहे, त्यातलं आतलं बरंचसं तिच्याकडूनच कळलंय.

गेल्या नोव्हेंबरची गोष्ट. रविवारी आमच्या किकरने दोन सोप्या किक चुकवल्या आणि सामना गेला. सोमवारी पाटी निघाली. मंगळवार हा खेळाडूंच्या सुट्टीचा दिवस, आणि साऱ्या देशातले संघ त्याच दिवशी नवी माणसं तपासायला बोलावतात. आमच्याकडे तिघे आले. विमानतळावरून एकाच व्हॅनमधून, एकमेकांना चांगले ओळखत, कारण दर मंगळवारी कुठल्या ना कुठल्या गावात हेच चेहरे भेटतात. एकमेकांच्या पोटावर पाय द्यायला आलेले, आणि व्हॅनमध्ये एकमेकांच्या मुलांची चौकशी करतात.

त्यातला एक होता अमोस पेलेटिए. वय एकतीस, मेन राज्यातल्या एका लहान गावचा, शाळेची बस चालवणारा. चेंडू मागे फेकायला आमच्या संघाचा एक जण होता आणि तो जमिनीवर टेकवून धरायला हॉलिस. सुट्टीच्या दिवशी बोलावलं म्हणून तो आधीच फुगलेला.

"काय रे अमोस," हॉलिस म्हणाला, "हा तुझा कितवा मंगळवार?"

"नववा."

"लेका, विमानातल्या बायका तुला न विचारताच चहा आणून देत असतील."

"देतात की. साखर किती तेही त्यांना पाठ आहे." अमोस बुटाची नाडी बांधत म्हणाला. "पण हा शेवटचा. बायकोला शब्द दिलाय. आज नाही जमलं तर उद्यापासून पूर्णवेळ बस."

हॉलिसने चेंडूंची पिशवी उचलली.

किकर कसा तपासतात ते तुम्हाला सांगतो. प्रत्येकाला सोळा किक. काही डावीकडून, काही मधून, काही उजवीकडून, जवळून सुरू करत पंचावन्न यार्डांपर्यंत. चेंडू मागे फेकल्यापासून पाय लागेपर्यंत एक पूर्णांक तीन दशांश सेकंद, त्याहून उशीर झाला की समोरचे धावून येऊन अडवणार. चेंडू किती चटकन उंची घेतो, चुकल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, तेही कोच बघतात. पूर्वी क्रेब्झ हे सगळं पेन्सिलीने कागदावर लिहीत आणि शेजारी बारीक शेरे मारत. यंदा ऑफिसने त्यांच्या हातात टॅबलेट दिला होता. त्यात दोनच बटणं, आत आणि बाहेर.

पहिले दोघे रुंद खांबावर खेळले. कीगन नावाच्या तरुणाचे सोळातले चौदा आत, दुसऱ्याचे तेरा. तेवढ्यात सरोवरावरून गारठ्याचा पाऊस आला आणि डोरीन ताडपत्री ओढत मैदानात शिरली.

"हे टोक बंद," ती म्हणाली. "दोघांनी पाय रोवून रोवून सगळी माती वर काढली आहे. आता इथे तिसरा उभा केलास क्रेब्झ, तर उद्याच्या सरावात कुणीतरी गुडघा मोडून घेईल. मग मला विचारायला येऊ नकोस."

क्रेब्झनी माझ्याकडे बोट केलं. "अमोस, तू तिकडे मार."

अमोसने माझ्याकडे नीट पाहिलं. "कोच, हा अर्धा आहे."

"माहीत आहे. मीच करून घेतलाय. वर मी सांगतो."

अमोसने मान डोलावली आणि मारायला लागला. मित्रांनो, माझ्यातून सोळापैकी दहा काढणं ही काय चीज आहे हे मला विचारा. राहिलेल्या सहांपैकी पाच माझ्या दांड्याला घासून, नाहीतर हातभर अंतराने बाहेर गेले. रुंद खांब असता तर ते पाचही आत होते. खरा चुकला तो एक. क्रेब्झ दर वेळी बटण दाबत राहिले.

संघाच्या प्रमुख रोझलिन टॅगार्ट. आठ महिन्यांपूर्वीच आल्या होत्या. त्यांनी ही चाचणी वरच्या मजल्याच्या खिडकीतून पाहिली, आणि ती खिडकी मैदानाच्या बाजूला आहे. बाजूने बघितलं तर कुठलाही गोलखांब एका काठीसारखाच दिसतो. मीही काठी, तोही काठी. वर बैठक चार मिनिटं चालली. पडद्यावर आकडे होते, चौदा, तेरा, दहा. मॅडमनी विचारलं, "कीगन. कुणाचं काही?" रविवारी सामना घालवणारा किकर क्रेब्झनीच निवडलेला होता, त्यामुळे गेले दोन दिवस त्यांचं तोंड शिवल्यासारखं झालं होतं. सांगू, सांगू म्हणता बैठक उठली.

अमोस माझ्याखाली बॅग घेऊन उभा होता. क्रेब्झ खाली आले आणि म्हणाले, "आभारी आहे अमोस. आम्ही कळवू. व्हॅन आली आहे."

"वर सांगितलंत?"

क्रेब्झ स्वतःच्या बुटांकडे बघायला लागले. मला इतका राग आला, की जमिनीतून उपटून निघता आलं असतं तर मी निघालो असतो. ज्या माणसाने मला जन्माला घातलं, तोच माझं माप सांगायला लाजला.

डोरीन ताडपत्रीचं टोक हातात धरून तशीच थांबली होती. "क्रेब्झ," ती म्हणाली, "बावीस वर्षांत तुला खोटं बोलताना मी कधी पाहिलं नाही. गप्प बसताना आज पाहतेय."

अमोसने बॅग खाली ठेवली. तो व्हॅनकडे गेला नाही. सरळ इमारतीत शिरला, चिखलाच्या बुटांनी जिना चढला आणि रोझलिनबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. "मॅडम, माझे दहा तुमच्या अर्ध्या खांबातले आहेत."

"कसला अर्धा खांब?" त्या म्हणाल्या.

पाच मिनिटांनी त्या कोट चढवून माझ्यासमोर उभ्या होत्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा. डोरीन शिडी लावून माझ्या आडव्या दांड्यापर्यंत चढली आणि तिने फीत ताणली.

"नऊ फूट चार."

"आणि तो पलीकडचा?"

"अठरा सहा. तो काय, सगळ्यांनाच पाठ आहे."

"चूक माझी आहे," क्रेब्झ म्हणाले. "मी वर बोलायला हवं होतं."

"ते आपण नंतर बघू." बाई माझ्याकडे बघत होत्या. "पण आता मी दहाचे किती धरू? बाहेर गेलेले किती बाहेर गेले, ते कुणी लिहिलंय?" कुणीच लिहिलं नव्हतं. मी सांगू शकलो असतो, पण मला कोण विचारतो. "कीगनचा करार माझ्या टेबलावर सहीसाठी ठेवलाय, अमोस. मी तुला एक किक देते. अठ्ठेचाळीस यार्ड. आत गेली तर ती सही मी करणार नाही. हवं तर ताडपत्री काढायला लावते, रुंद खांबावर मार."

"काढते मी," डोरीन लगेच निघाली.

"नको," अमोस म्हणाला. "याच्यावरच मारतो."

हॉलिस त्याच्या कानाशी लागला. "अरे, डोकं फिरलंय का तुझं? रुंद घे की. कोण बक्षीस देणार आहे तुला इथे मारल्याचं?"

"तिकडे आत गेली तर म्हणतील नशीब. सोळा वेळा याच्यासमोर उभं केलंय ना मला? मग सतरावीही इथेच होऊ दे. आठ मंगळवार मी 'बरं' म्हणून व्हॅनमध्ये बसलोय, हॉलिस. आज बसणार नाही."

मित्रांनो, त्या क्षणी तो माणूस मला सख्खा वाटला.

पाऊस तिरपा लागत होता, वारा माझ्या उजवीकडून. चेंडू मागे फेकला गेला, हॉलिसने तो टेकवला, शिवण पायाला लागू नये म्हणून पुढे फिरवली. माझी खात्री आहे की आयुष्यात त्याने इतका नीट चेंडू कुणासाठी धरला नसेल. अमोसचा पाय फिरला. चेंडू उंच उठला, मधोमध येत होता, आणि शेवटच्या दहा यार्डांत वाऱ्याने त्याला ढकललं. तो थेट माझ्या डाव्या दांड्यावर येऊन आदळला.

मला बोलता येत नाही, पण वाजता येतं. मी अंगात होतं नव्हतं तेवढं सगळं बळ काढून वाजलो. सरोवरावरच्या बोटीत ऐकू गेलं असेल. चेंडू पुढच्या गवतावर पडला.

हॉलिस गुडघ्यावर बसला तो बसूनच राहिला. क्रेब्झच्या बोटाने सवयीने 'बाहेर'चं बटण दाबलं. अमोसने मान खाली घातली नाही. तो माझ्याकडे बघत होता.

"डोरीन," रोझलिनबाई म्हणाल्या, "चेंडू जिथे आपटला, तिथपासून त्या रुंद खांबाचा दांडा किती लांब पडला असता?"

डोरीनने फीत उघडलीसुद्धा नाही. "चार फूट सात इंच. आरामात आत होता."

"आणि हा माणूस याच्यातूनच मारीन म्हणाला." बाईंनी क्रेब्झच्या हातातला टॅबलेट घेतला. "हे 'बाहेर' खोडायचं कसं?"

"त्यात खोडता येत नाही, मॅडम."

"मग राहू दे याला इथेच." त्यांनी टॅबलेट माझ्या खोडाशी ओल्या गवतावर ठेवला आणि अमोसकडे वळल्या. "बॅग उचल. व्हॅनवाल्याला सांग, एक माणूस कमी आहे."

अमोसने बॅग उचलली, दोन पावलं गेला आणि परत आला. त्याने माझ्या खोडाला हात लावला. मग फोन काढून बायकोला लावला आणि तिने "हॅलो" म्हणताच त्याला रडू फुटलं.

आता इथे काचेचं मोठं सरावगृह होणार आहे म्हणतात. त्यात दहा कॅमेरे, चेंडूचा वेग, कोन, सगळं आपोआप. जुनं लोखंड भंगारात जाईल असंही कुणी बोलत होतं. बोलू दे. मी काही विनवणी करणार नाही. डोरीन या ऑगस्टात रंग लावायला आली तेव्हा तिने माझ्या डाव्या दांड्यावरचा पोचा तसाच सोडला, मला काही न विचारता, आणि ते मला आवडलं.

तुमच्याकडून मात्र एक हवंय, मित्रांनो. तुम्हीही कधीतरी कुणाची परीक्षा घ्याल, कुणाच्या नावापुढे 'बाहेर' लिहाल. त्याआधी शिडी लावा, फीत ताणा आणि त्याच्यासमोर कोणता खांब उभा केला होता, ते स्वतः मोजा. तेवढे कष्ट नको असतील, तर त्याला नापास करायचा तुम्हाला काहीएक अधिकार नाही.