डावखुरा नावाडी

मी एक जुना पडदा आहे. तुम्ही म्हणाल, पडद्याला कसलं आलंय आयुष्य! पण मित्रांनो, माझ्या अंगावर किती नायिका रडल्या आणि माझ्यापुढं बसून किती गावं रडली, ते आठवायला लागलो की माझं सूत न् सूत ओलं होतं.

रोइ-एत शहराच्या बाजारातून चम्नोंगकाकांनी पांढरं कापड आणलं. त्यांच्या बायकोनं पट्टे जोडून मला शिवलं आणि चारी बाजूंनी काळी किनार लावली. काकांचा फिरता सिनेमा होता. भाताची कापणी उरकली की ट्रकवर बसून मी गावोगाव निघायचो. बांबू रोवून माझे दोर आवळायचं काम प्रयूनचं. तो डावखुरा होता. त्याच्या गाठी अशा उलट्या बसायच्या, की दुसऱ्या कुणाला त्या सुटता सुटत नसत.

आणि बुआलाय! ती समुद्रातली वाळवलेली माकुलं निखाऱ्यावर भाजून, चरकात चपटी करून विकायची. तिच्या शेगडीचा धूर प्रकाशाच्या झोतात शिरायचा आणि ऐन चुंबनाच्या वेळी नायिकेच्या तोंडावर ढग जमायचे. लोक ओरडायचे. शेवटी काकांनी तिची गाडी सरळ माझ्या पाठीमागं नेऊन लावली. तिथूनही सिनेमा दिसायचा, कारण माझं कापड पातळ. फक्त पाठीमागून उजव्याचं डावं होतं. हे तिला कितीतरी वर्षं कळलंच नाही. धंदा सोडून पुढं जाऊन बसायची सवड कुणाला होती?

सिनेमाचं वेड म्हणजे काय ते मी तिच्यात पाहिलं. माकूल देता देता ती गिऱ्हाइकाला सांगायची, "आंधळ्या शिपायाचा चुकवू नकोस हं. नर्स त्याला खोटी पत्रं वाचून दाखवते, तिथं मला तर रडूच आवरत नाही. आणि ते दोन भावांचं भांडण? ते सोडून दे. त्यात नुसती मारामारी, एक अश्रू येईल तर शपथ!" नवस फेडायला देवस्थानापुढं सिनेमा लावायचा असला, तरी लोक आधी तिलाच विचारायला यायचे. रिकाम्या खुर्च्या मांडून देवाला सिनेमा दाखवायचा, तर तो निदान चांगला हवा ना!

"देवाला रडका चालेल का गं, बुआलाय?"

"का नाही चालणार? देव झाला म्हणून मन नसतं होय त्याला?"

तिचा सर्वांत लाडका सिनेमा नावाड्याचा. आपल्याच प्रियेला तो होडीतून पलीकडच्या तीरावर, तिच्या सासरी पोचवतो. शेवटी तिला उतरायला हात देतो, ती तो क्षणभर धरते आणि सोडते. बास, तिथंच संपतो. बुआलाय हमसून हमसून रडायची. मग डोळे पुसून गावातल्या पोरींना सांगायची, "बघितलंत? डावा हात दिला त्यानं. शिपाई डावखुरा, नावाडी डावखुरा. जीव लावणारी माणसं डावखुरीच असतात. लग्न करायचं तर असल्याशी करा."

पुढं बसणाऱ्या पोरी फिदीफिदी हसायच्या. तिनं मात्र खरंच तसंच लग्न केलं, प्रयूनशी! त्यानंतर माझे दोर आवळून झाले की तो पाठीमागं तिच्या चटईवर येऊन बसे. पडद्यावर होडी काठाला लागली की तोही आपला डावा हात पुढं करायचा. "उतरा, राणीसाहेब." आणि ती रडता रडता हसायची.

काका एकदा त्याला म्हणाले, "अरे, सांगून टाक की तिला खरं."

"कशाला, काका? माझं भलंच झालंय त्यात," प्रयून म्हणाला.

माझे ते दिवस सोन्याचे होते. पण घरोघरी टीव्ही आले, पटांगणं ओस पडली. माझी घडी करून मला कोठारात भाताच्या पोत्यांवर टाकलं. पाऊस गळायचा, उंदीर फिरायचे. एकदाही कुणी मला उन्हात घातलं नाही. राग यायचा, पण पडद्यानं रागवून करायचं काय?

काकांचा मुलगा देचा यानं मग सिनेमा दाखवणारी दिव्यांची भिंत आणली. जत्रा असो की दहनविधी, ती भिंत झगमगत उभी. आणि एके दिवशी प्रयून गेला. छातीत कळ आली नि गेला. दहनाच्या आदल्या संध्याकाळी बुआलायनं त्याच्यासाठी नावाड्याचा सिनेमा मागितला. आता ती म्हातारी झाली होती, सगळे तिला पा म्हणजे मावशी म्हणत. तिला पहिल्यांदाच पुढं, मधोमध खुर्ची दिली.

हे मी कोठाराच्या फटीतून पाहिलं, ऐकलं. सिनेमा सुरू झाला आणि लगेच तिचा आवाज आला, "थांबव! हा कोण? याचा हात उलटा झालाय."

देचा हसला. "पा, उलटा नाही, हाच सुलटा. तुम्हीच जन्मभर पाठीमागून पाहिलंत. नावाडी डावखुरा नव्हताच कधी."

 तिनं काकांकडं वळून विचारलं, "माझ्या माणसाला हे माहीत होतं?"

"होतं," चम्नोंगकाका खाली मान घालून म्हणाले.

"लबाड मेला!" असं म्हणून ती हसली आणि हसता हसता ओक्साबोक्शी रडायला लागली. मग बाहीला नाक पुसून म्हणाली, "देचा, मला तोच उलटा दाखव. त्याच्याशेजारी बसून पाहिलेला. तुझ्या भिंतीमागून दिसतं का?"

"पाठीमागं वायरी आहेत, पा."

"मग माझा पडदा आण."

मला बाहेर काढलं तेव्हा काय वाटलं, कसं सांगू! अंगाला कुबट वास, सगळीकडं डाग, भोकं. तरी मी ताठ उभा राहायचा प्रयत्न केला. काकांनी जुनं मशीन लावलं. बुआलायनं माझ्यामागं चटई अंथरली आणि एका कडेला बसली. दुसरी कड तिनं मोकळी ठेवली.

तिचा नावाडी पुन्हा डावखुरा झाला. ती चटईवर पुढं सरकून बघत होती. होडी काठाला लागली. नायिका उठली. नावाड्यानं हात पुढं केला, आणि मित्रांनो, नेमकं तिथंच मला उंदरांनी कुरतडलं होतं.

"हात कुठाय?" ती म्हणाली. "काका, हात दिसत नाही. पुन्हा लावा."

काकांनी पुन्हा लावलं. हात नव्हताच. तो उजेड माझ्या भोकातून आरपार गेला आणि चटईच्या मोकळ्या कडेवर पडला. तिनं तिथं आपला तळवा ठेवला. सिनेमा संपला, उजेड विझला, तरी तिनं तो उचलला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू अडगळीत टाकण्याआधी त्यांना एकदा ऊन दाखवा, एखादा टाका घाला. माझ्यासाठी नाही सांगत मी, माझं आता काय राहिलंय? पण कुणालातरी शेवटचं काहीतरी पाहायचं असतं, आणि ते फक्त माझ्यासारख्या जुनेऱ्यावरच दिसतं. एका टाक्यानं भागलं असतं हो. एकाच टाक्यानं तिला तो हात दिसला असता.