रिकाम्या टाकीचा घास

कुणीतरी खोटं बोलत होतं. रिकाम्या टाकीत रोज सकाळी टाकलेलं खाणं दुपारपर्यंत नाहीसं होत होतं, आणि घरात माणसं होती अवघी तीन.

पंचाक्षरीला खोट्याची चीड होती. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली, कचेऱ्यांवर नव्या पाट्या चढल्या, नळाला मात्र आठवड्यातून एकदाच पाणी, यावर तो कॉलेजात इतक्या तावातावानं बोले की प्राणिशास्त्राचा हा तरणा मास्तर उद्या निवडणुकीला उभा राहतो की काय असं लोकांना वाटे. अशा माणसानं ऐन दुष्काळात चार घागरी पाणी काचेच्या टाकीत कोंडून ठेवावं, याचं दूध घालायला येणाऱ्या साखराबाईला राहून राहून नवल वाटायचं. "लिंगायताच्या घरात मासं! अन् माणसाला प्यायला न्हाई," असं ती मापटं उपडं करता करता ऐकवायची.

पण टाकी अप्पांसाठी होती. देवणीकडच्या गावात पंचाक्षरीचे हे वडील, नागप्पा, चाळीस वर्षं आडाची राखण करत आले होते. पाणी निवळ राहावं म्हणून तिकडं आडात मासा सोडत. अप्पांनी सोडलेला मरळ हातभर झाला होता आणि त्यांची चाहूल लागली की वर येई. यंदा आडाला तळ लागला. गाळ उपसला, मासा जिवंत सापडला नाही, मेलेलाही सापडला नाही. तेव्हापासून अप्पा उन्हातान्हात कोरड्या आडाच्या काठावर बसून आत बघत राहिले. एकदा भोवळ येऊन ते आडात पडता पडता वाचले, आणि पंचाक्षरी त्यांना बळंच लातूरला घेऊन आला. इथं ते अर्धी भाकरी खात आणि दर दोन दिवसांनी गावाकडच्या गाडीची वेळ विचारत.

"मासे लगेच सोडायचे नाहीत, अप्पा," पहिल्या दिवशी त्यानं समजावलं होतं. "आधी पाणी तयार व्हावं लागतं. महिनाभर रिकाम्या टाकीतच चिमूट चिमूट खाणं टाकायचं. ते कुजतं, त्याचं विष होतं, मग ते विष खाणारे जिवाणू वाळूत वाढतात. मगच मासा जगतो."

"म्हंजी नसलेल्याला जेवू घालायचं," अप्पा म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी हसले. "हे काम मला दे."

दिलं. रोज अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून अप्पा टाकीपाशी बसत, पाण्यावर पीठ सोडत आणि हलक्या आवाजात काहीतरी बोलत राहत. जेवण वाढलं. गाडीची चौकशी थांबली. पंचाक्षरी आणि त्याची बायको महादेवी रात्री अंथरुणावर मोली मासे घ्यावेत की गप्पी, सोनेरी बरे की काळे, यावर लहान मुलांसारखे भांडत.

पंधरा दिवस झाले तरी वाळूवर पिठाचा कण दिसेना. कॉलेजातून आणलेल्या तपासणीच्या बाटलीतले दोन थेंब टाकले की कुजलेल्या अन्नाचं पाणी पिवळं पडायला हवं. ते नितळच राहिलं.

"तू काढतेस का गं?"

"मी कशाला काढू? तुमच्या जिवाणूंनाच लागली असंल भूक," महादेवी म्हणाली.

मग त्यानं अप्पांना विचारलं. "म्या न्हाई काढत. त्येनं खाल्लं," अप्पा म्हणाले, आणि पुढं कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, "ल्हान मासं आणू नको, पंचा. त्येची भूक लई."

पंचाक्षरी उठला तो थेट नांदेडला गेला. अप्पांचं डोकं फिरत चाललं असेल तर त्यावर डोळ्यांना दिसणारा जिवंत मासा हाच उपाय, असं त्याचं त्यानं ठरवून टाकलं होतं. दुकानातून त्यानं बोटभर लांबीचे चार काळे मोली निवडले आणि पाण्यानं फुगलेली पिशवी साऱ्या एसटी प्रवासात मांडीवर धरून आणली.

घरात शिरला तेव्हा अप्पा दाराशी बसले होते. शेजारी घडी घातलेली घोंगडी, वर तांब्या.

"सोड तू. तुझं घर हाय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मला ते बघवायचं न्हाई. म्या जातो आडावर."

तो पिशवी घेऊन टाकीवर वाकला. पिशवीतले चारही मोली पलीकडच्या बाजूला, एकमेकांना चिकटून, एकाच कोपऱ्यात गोळा झाले होते. खाली वाळूवर बोटाएवढा जाड, काळपट, ताजा दोरा पडला होता. माशांच्या विष्ठेचे असे दोरे तो मुलांना दरवर्षी ताटलीत दाखवायचा; एवढा जाड दोरा केवढ्या माशाचा, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. मग पदवी, प्रयोगशाळा, लोकांना सांगितलेलं सगळं शहाणपण आठवून त्याला मनातून लाज वाटली, तरी त्यानं दाराशी येऊन अप्पांच्या घोंगडीवरचा तांब्या उचलून घेतला.

"पाणी अजून तयार नाही, अप्पा. मासे कॉलेजात नेऊन ठेवतो. तुम्ही कुठं जाऊ नका."

अप्पांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्या रात्री त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, महादेवीच्या ठेच्याला नावं ठेवली आणि तिसरी मागितली. पंचाक्षरीनं टाकीकडे पाठ केली आणि पोटभर जेवला. घर भरल्यासारखं वाटलं.

सकाळी महादेवी भांडं घासत होती म्हणून साखराबाई दूध घेऊन आतल्या खोलीपर्यंत आली. अप्पा पीठ सोडत होते. ती तिथंच थबकली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि टाकीत बघत कौतुकानं म्हणाली,

"मास्तर, जरा मोठी पेटी आणा की. ह्याला वळायला लई तरास व्हायलाय."