रांगेत राखलेली जागा

सुज्ञ वाचकहो, दोन सख्ख्या भावांच्या अबोल्याची आणि नमाजातील एका सलामाची कथा येथे सादर करीत आहे. ती शांत चित्ताने वाचावी, ही नम्र विनंती.

थोरला भाऊ सुतार, धाकटा कुलपे दुरुस्त करणारा. आई वारली तेव्हा थोरला परगावी कामावर होता. दफनास विलंब करू नये ही धर्माची शिकवण. धाकट्याने ती शिरसावंद्य मानली. थोरला पोहोचला तो थेट ओल्या मातीपाशी.

"आईला मूठभर मातीसुद्धा देऊ दिली नाहीस," एवढेच तो बोलला. त्यानंतर त्याने तोंडाला असे कुलूप लावले की त्याची किल्ली कुलूपवाल्यालाही सापडेना. तीन दिवसांहून अधिक अबोला धरणे मुसलमानाला शोभत नाही, असे इमामसाहेबांनी परोपरीने समजावले. परंतु पालथ्या घड्यावर पाणी.

अखेर धाकट्याने एक मार्ग शोधला. नमाज संपताना मान प्रथम उजवीकडे वळवून सलाम म्हणावाच लागतो. म्हणून तो मशिदीत नेमाने थोरल्याच्या उजव्या हाताला, खांद्याला खांदा लावून उभा राही. थोरल्याचा चेहरा त्याच्याकडे वळे, ओठ हलत, "अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाह." तुमच्यावर शांती असो. त्या शिदोरीवर धाकट्याचा दिवस निघे.

त्याचा मित्र न्हावी एकदा नळापाशी वजू करता करता, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुताना, म्हणाला, "वेड्या, तो सलाम खांद्यावरच्या फरिश्त्यांना असतो. तुला कोण विचारतंय?"

"फरिश्त्यांच्या पलीकडे मीच असतो ना."

"म्हणजे फरिश्त्यांचं टपाल तू फोडतोस."

धाकटा हसला खरा, पण ते बोलणे काट्यासारखे रुतले. त्यानंतरच्या शुक्रवारी तो मागच्या रांगेत उभा राहिला आणि पुढेही तेथेच उभा राहू लागला. भाऊ वळून पाहील, अशी त्यास वेडी आशा होती. नमाजात मागे वळून पाहता येत नाही, हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही.

अशातच एका सकाळी रंधा मारता मारता थोरला कोसळला, तो उठलाच नाही.

मयतास अंघोळ घालण्यास धाकटा आणि न्हावी बसले. पाणी ओतता ओतता न्हावी थबकला.

"तू मागे गेलास ना, त्या शुक्रवारी मी तुझी जागा भरायला सरकलो. रांगेत फट ठेवू नये म्हणून. तर ह्यानं हात आडवा धरला. 'थांबा, तो येईल' म्हणाला."

"मला का नाही सांगितलंस?"

"म्हटलं, आज ना उद्या तुम्हीच बोलाल."

धाकट्याने भावाची करवतीने घट्टे पडलेली बोटे एकेक करून धुतली.

कबरीत तोच उतरला. उजव्या कुशीवर निजवून चेहरा किब्ल्याकडे, म्हणजे काबेच्या दिशेला, करावयाचा असतो. सलामाला वळे तसाच तो चेहरा त्याने स्वहस्ते उजवीकडे वळवला. त्याच बाजूला तो स्वतः उभा होता. ओठ मात्र मिटलेले होते.

नमाजातल्या सलामाला उत्तर देता येत नाही. इतक्या वर्षांचे ते उत्तर राहून गेले होते.

"व अलैकुम सलाम, भाईजान," तो म्हणाला.

वरून न्हाव्याने हात दिला. धाकटा भावाच्या चेहऱ्याकडेच पाहत होता; त्याला तो हात दिसला नाही.

कथा येथे पुरी झाली. सवड काढून वाचलीत, याबद्दल आपणा सर्वांचा अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
घड्याळवाले मास्तर