भाता बंद, तोंड चालू

आमच्या घरात सून भासऱ्याशी बोलत नाही. नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर डोक्यावर पदर, नजर खाली आणि तोंडाला कुलूप. काही सांगायचंच झालं तर मधे कोणीतरी लागतं. माझ्यासाठी ते मधलं माणूस म्हणजे माझी जाऊ, मंदाबाई. भासरे यादोराव हातभर अंतरावर बसलेले असायचे, तरी मी म्हणायचे, "बाई, त्यायले सांगा, कोळसा सरला." मंदाबाई तेच पुन्हा म्हणायच्या. भासऱ्यांना दोनदा ऐकू यायचं. मला राग एकदाच यायचा, पण तो दिवसभर पुरायचा.

मोहाडीच्या बाजाराला लागून आमची लोहाराची भट्टी. भासरे सांडशीत लोखंड धरायचे, मंदाबाई घण मारायच्या, मी भाता ओढायचे. माझा नवरा घनश्याम होता तेव्हा दोघे भाऊ आलटून पालटून ऐरणीपाशी बसत. तो गेला आणि भासरे एकटे मालक झाले. माझ्याकडे भाता तेवढा राहिला. त्या भात्यावर मी माझ्या दोन पोरी वाढवत होते, कोणापुढे हात न पसरता.

सत्त्याऐंशी साली जंगलातला कोळसा मिळेनासा झाला. तेव्हा भासऱ्यांनी तुमसरच्या बाबूलालला गाठलं. हा गॅसनं लोखंड कापायचं काम करायचा. त्यानं पिपाच्या तुकड्याला आतून विटा-माती लावून भट्टी करून दिली, सोबत बर्नर, नळी आणि एक जुना रेग्युलेटर आणला. सिलेंडर यायचं होतं, म्हणून नुसतं तोंडी समजावत बसला.

"देखो भाऊ, घरच्या शेगडीचा रेग्युलेटर इथं चालत नाही, हा जास्त दाबाचा आहे. याचा नट उलट्या आट्याचा. डावीकडं फिरवला का कसते. आन ही चावी नळासारखी समजू नोको. नळ उजवीकडं फिरवला का बंद होते, ही उजवीकडं फिरवली का गॅस वाढते. लावायच्या आधी ढिली करून ठेवजो, ढिली मंजे बंद."

सांगत होता तो भासऱ्यांना, ऐकत होते मी. भासऱ्यांचं सगळं लक्ष पानाला चुना किती लावावा याकडे. मधेमधे "हो हो, मालूम आहे" म्हणायचे. बाबूलालनं अजून बरंच सांगितलं. साबणाच्या फेसानं गळती कशी पाहायची, आधी जळती चिंधी मग गॅस, आणि काही बिघडलं तर सरळ सिलेंडरचं चाक बंद करायचं. मी भात्याआड बसून एकेक शब्द गिळला.

बाबूलाल गेला आणि भासऱ्यांनी जेवताना जाहीर केलं. अर्थात मंदाबाईंना. "तिले सांग, आता भात्याचं काम नाई. गॅसले हवा माराव लागत नाई. रोवणीले जात जाय मना लोकाइच्या वावरात."

मी चुलीवरून भात उतरवत होते. मला रडू आलं नाही, संताप आला. धानाची रोवणी मला काही परकी नाही, माहेरी चिखलातच वाढले मी. पण ती ऐरण अर्धी माझ्या नवऱ्याची होती. आणि मला भट्टीबाहेर काढायला या माणसाला एक लोखंडी डबा पुरला! भांडं मी असं आदळलं की भासऱ्यांच्या ताटातलं वरण हिंदकळलं. मंदाबाईंनी मुकाट्यानं ते पुसून घेतलं.

सिलेंडर आलं ते नेमकं बाजाराच्या दिवशी. नांगरणीचे दिवस, फाळ शेवटायला, म्हणजे बोथट टोक तापवून ठोकून घ्यायला, शेतकरी रांगेत बसलेले. भासऱ्यांना मिरवायला आयतीच गर्दी मिळाली. पाना घेऊन ते रेग्युलेटर बसवायला लागले, आणि नट फिरवायला लागले उजवीकडे. नट काही धरेना. गडी घामाघूम.

"बाई," मी म्हटलं, "त्यायले सांगा, उलटा आटा आहे."

"अवो, उलटा आटा आहे मनते."

"मले शिकवून राहिली का थे? मले मालूम आहे!" असं म्हणून त्यांनी डावीकडे फिरवला. नट बसला. जणू त्यांच्याच डोक्यातून निघालं होतं.

मी साबणाचा फेस करून वाटी पुढे सरकवली. त्यांनी ती पायानं बाजूला केली. "भांडे घासाले ने मना." मग मीच पुढे होऊन जोडाला फेस लावला, एका ठिकाणी फुगे आले, आणि लोक पाहत होते म्हणून भासऱ्यांना पान्याचा अजून एक पीळ द्यावा लागला. कपाळावर आठ्या घेऊन दिला.

पुढचं त्यांनी कोणालाच सांगू दिलं नाही. चावी ढिली केलीच नव्हती. सिलेंडरचं चाक उघडलं, चिंधी पेटवून पुढे धरली, आणि भट्टीच्या तोंडातून हातभर जाळ भसकन बाहेर आला. भासरे घाबरले. घाबरलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं, चावी नळासारखी बंद करायला गेले. उजवीकडे! जाळ वाढला. तसे ते अजून जोरात उजवीकडे पिळायला लागले. जाळ छपराच्या तट्ट्याकडे निघाला. शेतकरी चपला टाकून पळाले, मंदाबाई रस्त्यावर जाऊन उभ्या.

आता सांगू कोणामार्फत?

"हात सोडा!" मी ओरडले. "वाढवून राहिले तुमी! हात सोडा मनतो ना!"

त्यांनी हात सोडला. मी वाकून सिलेंडरचं चाक आवळलं. जाळ बसला. तट्ट्याची एक कड काळी झाली होती, बाकी सगळं जागच्या जागी.

माझा पदर खांद्यावर आला होता. तो मी तिथंच राहू दिला.

भासऱ्यांचं तोंड जाळानं लाल झालं होतं की रागानं, देव जाणे. "पाहा," ते परतू लागलेल्या लोकांना म्हणाले, "भासऱ्यावर ओरडते! हे लाज राहिली."

"लाजेचं मंग पाहू," भैय्याजी म्हणाले. बपेऱ्याहून आलेले म्हातारे शेतकरी, फाळ काखेत धरून परत येत होते. "मले सांजच्या गाडीनं जाणं आहे. फाळ होते का नाई, थे सांगा."

"होते," मी म्हटलं.

गॅसचा वास जाईपर्यंत थांबले. चावी डावीकडे फिरवून पार ढिली केली. मग चाक उघडलं, चिंधी पुढे धरली, आणि चावी हळूहळू उजवीकडे आणली. आधी जाळ पिवळा, लुळा, फडफडणारा. बर्नरची हवेची कडी सरकवली, चावी आणखी थोडी आत. इतकी वर्षं भाता ओढलाय मी, आगीला हवा कमी की जास्त ते माझ्या कानाला कळतं. आवाज एकसारखा झाला, जाळ निळा झाला. मी हात काढून घेतला आणि भैय्याजींचा फाळ आत सारला.

भासरे सांडशी घ्यायला पुढे आले. मी ती आधीच उचलली होती. घनश्याम बसायचा त्या जागी, ऐरणीसमोर मी बसले. आमच्या घरातली बाई तिथं कधी बसली नव्हती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना जमेना ते. "मंदे," ते म्हणाले, "तिले सांग, ऊठ मना तिथून."

मंदाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमीच सांगा ना," त्या म्हणाल्या. "थे बोलते आता."

फाळ तापून पिवळा झाला होता. मी तो सांडशीत धरून ऐरणीवर ठेवला आणि हातोडीनं टोकाशी जागा दाखवली. जाऊबाईंनी पदर कमरेला खोचला, घण उचलला, आणि मी दाखवली होती तिथंच घातला.