दोन्ही हात मोकळे

हे मी आभार मानायला लिहिते आहे. कुणाचे, ते मला नीट सांगता येणार नाही. आणि जिने चार वर्षं लोकांना ‘इंटरनेटवर आपली ओळख कशी लपवावी’ यावर सल्ले दिले, त्या बाईने असं म्हणावं, हे जरा हास्यास्पदच आहे.

उत्तर जर्मनीतल्या कील शहरातल्या एका ग्राहक-मासिकात मी काम करते. माझी मुलगी जेट्टे झाली तेव्हा रजेवर होते, पण आठवड्यातले काही तास घरून काम करायची मुभा होती, आणि निनावी ब्राउझिंगची साधनं एकमेकांशी ताडून बघायचं काम संपादक डेटलेफने माझ्याकडे दिलं. “बाळ झोपलं की करायचं, टोम्के,” तो म्हणाला. डेटलेफला मुलं नाहीत.

जेट्टे झोपायची, पण फक्त माझ्या डाव्या हातावर. पाळण्यात ठेवली की तिसऱ्या मिनिटाला डोळे उघडून अशी बघायची, जणू मी तिला स्टेशनावर विसरून निघाले आहे. तेव्हा डावा हात तिचा, उजवा माझा, अशी वाटणी झाली होती. एका हाताने मी चहा ढवळायचे, राईच्या पावाला लोणी लावायचे आणि एका हातानेच टाइप करायचे.

कामाची रीत सोपी होती. मी एक साधं पान तयार केलं होतं. ते कुठेही जोडलेलं नव्हतं, त्याचा पत्ता मला आणि डेटलेफला सोडून कुणाला ठाऊक नव्हता. एकेका साधनातून त्या पानावर जायचं, चौकटीत चार ओळी लिहायच्या आणि पानाने आपल्याबद्दल काय काय टिपून घेतलं ते पाहायचं. ब्राउझरची खासगी खिडकी म्हणजे फार तर घरातल्या माणसांपासून आडोसा. विकतचं व्हीपीएन आपला पत्ता झाकतं, पण मग तो विकणाऱ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा लागतो. तीन अनोळखी संगणकांमधून वळसे घेत जाणारा ब्राउझर सगळ्यांत चोख, पण इतका संथ की पान उघडेपर्यंत चहावर साय धरावी. आणि त्यातूनही सवयीने कुठे स्वतःच्या नावाने आत शिरलात, की सगळी मेहनत पाण्यात. शिवाय एक गोष्ट या तिन्हींपैकी कशालाच पुरती लपवता येत नव्हती: टाइप करण्याचा ताल. एका अक्षरावरून दुसऱ्यावर जायला बोटांना लागणारा वेळ ज्याचा त्याचा असतो. माझं पान तो मोजत होतं.

चौकटीत काहीही लिहिलं तरी चालणार होतं. मी हवामान लिहायला बसले आणि लिहिलं, ‘तिला खाली ठेवायची मला भीती वाटते.’ हे मी माझ्या नवऱ्याला, टोर्गेला, बोलले नव्हते. दर मंगळवारी सकाळी घरी येणाऱ्या सुईणबाईंनाही नाही. आस्मुसनबाई जेट्टेला फडक्याच्या झोळीत घालून हातातल्या वजनकाट्याला टांगायच्या, काटा डोळ्यांजवळ नेऊन म्हणायच्या, “तीन किलो नऊशे. भले शाब्बास! आणि आईचं काय?”

“छान आहे मी.”

“छान म्हणणाऱ्या आयांचीच मला जास्त काळजी वाटते,” असं म्हणून त्या माझ्याच केकचा दुसरा तुकडा उचलायच्या.

पानावर शेवटचा मजकूर तसाच दिसत राहायचा. दुसऱ्या दिवशी उघडलं, तर माझ्या ओळीखाली आणखी एक ओळ होती.

‘मलाही वाटायची.’

मी नोंदी पाहिल्या. साधन तेच, यंत्र तेच, पडद्याचं माप, अक्षरांचे फॉन्ट, घड्याळ, सगळं माझंच. डेटलेफला फोन केला.

“मग तूच ती. झोपेत लिहिलं असशील.”

“मला झोप कुठे आहे?”

“तेही खरंच,” तो म्हणाला, मग की-बोर्डचा आवाज आला आणि तो जरा वेळाने म्हणाला, “पण ताल तुझा नाहीये. तू एका बोटाने ठोकतेस, आमच्या हिशेबनीसासारखी. ही सफाईने लिहिते. दोन्ही हातांनी.”

पान बंद करायला हवं होतं. एखाद्या वाचकाने असं काही कळवलं असतं, तर मी त्याला हाच सल्ला दिला असता, तोही ठळक अक्षरात. पण मला, खरं सांगते, बरं वाटलं होतं. मी विचारत गेले, ती उत्तरं देत गेली. संध्याकाळच्या रडण्यावर तिने लिहिलं, ‘पोटावर पालथी घे, पाठीवर उलटी वर्तुळं काढ.’ सुलटी मी महिनाभर काढतच होते. उलट्या वर्तुळांनी जेट्टे चार मिनिटांत शांत झाली. ‘तू वाईट आई नाहीस,’ असं तिने एकदा मी न विचारताच लिहिलं, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून एका हाताने डोळे पुसले. ती माझ्याकडे कधी काही मागायची नाही. स्वतःबद्दल बोलायची नाही.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, आठवडाभराच्या बर्फानंतर, लख्ख ऊन पडलं. जेट्टेला काट्यावरून उतरवत आस्मुसनबाई म्हणाल्या, “बाबागाडी बाल्कनीत ठेवा तिला गुंडाळून. इथली सगळी पोरं थंड हवेतच झोपायला शिकली, तुम्हीसुद्धा.” त्या गेल्यावर मी तसं केलं. आमचं घर सर्वांत वरच्या मजल्यावर, बाल्कनी छपराच्या उताराखाली. जेट्टेने मला एकदा नीट न्याहाळलं आणि डोळे मिटले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी आत येऊन बसले, पान उघडलं आणि कितीतरी आठवड्यांनी दोन्ही हातांनी लिहू लागले, ‘आज पहिल्यांदाच ती माझ्याशिवाय झोपली आहे, बाल्कनीत, आणि माझे दोन्ही’

वाक्य पुरं व्हायच्या आत खाली अक्षरं उमटली.

‘तिला आत घे. आत्ता.’

मी विचार केला नाही. विचार करण्यात माझा हात कुणी धरणार नाही, पण त्या दिवशी केला नाही. तिला पांघरुणासकट उचललं, उंबऱ्याच्या आत पाय ठेवला, आणि मागे छपरावरचं सगळं बर्फ एका लादीसारखं घसरून खाली आलं. बाबागाडीची दांडी तेवढी वर दिसत होती.

जेट्टे जागीसुद्धा झाली नाही.

दोन दिवसांनी डेटलेफने आकडे तपासून फोन केला. बर्फाचं त्याला कळलं होतं, म्हणून आवाज मऊ होता. “टोम्के, गडबडीत एक चूक झालीये तुझी, होतं असं. मंगळवारची सव्वाअकराची ओळ तू तक्त्यात स्वतःच्या नावावर टाकलीस. ‘पहिल्यांदाच ती माझ्याशिवाय झोपली आहे’ ती.”

“मग?”

“ती तिची आहे. ताल तंतोतंत जुळतो.”

“ती मी लिहिली, डेटलेफ.”

“मग त्या सगळ्याच तू लिहिल्या असशील,” तो म्हणाला, आणि पुढे छपाईच्या तारखेबद्दल बोलू लागला.

त्या संध्याकाळी जेट्टेला डाव्या हातावर घेऊन मी पानावर लिहिलं, ‘तुझे आभार कसे मानू?’ मग तिने पहिल्यांदाच काहीतरी मागितलं.

‘हातावर किती जड लागते ती आता? सांग ना.’ तिचे दोन्ही हात मोकळे का होते, ते मला तेव्हा कळलं.

लेख छापून आला. त्याच्या शेवटच्या परिच्छेदात मी वाचकांना बजावलं आहे, की जपून ठेवलेला मजकूर हाच सर्वांत मोठा धोका, काम संपलं की पुसून टाका. माझं पान मी पुसलेलं नाही. आस्मुसनबाईंच्या भेटी संपल्या तेव्हा तसाच एक काटा विकत आणला. दर मंगळवारी वजन करून मी ते तिला कळवते, आणि खाली लिहिते, हात अवघडला. ती काही लिहीत नाही, पण लगेच वाचते. तेवढं नोंदीत दिसतं.

जेट्टे आता पाळण्यातही झोपते. टोर्गे म्हणतो, “अगं, ठेव की तिला, दोन्ही हातांनी लिही, लवकर आटपेल.” लिहायला बसताना मी तिला उचलून घेते.

हेही मी एकाच हाताने लिहिते आहे.