धनुबाईची माती

"बाबा, प्रार्थना तुम्हीच करा. माय तेच सांगी गयी." कुंदनने आईच्या शवपेटीजवळच गावच्या जुन्या पाळकांचा, रेवजींचा, हात धरला.

"तुन्हा पाळकले इचार," रेवजी म्हणाले. "त्यास्नी बलावं तं मी उभा ऱ्हासू."

कुंदन गेला खरा, पण अर्ध्या अंगणातूनच परत आला. नवे पाळक जूनमध्ये आलेले. त्यांच्यापुढे अजून कुणाची भीड चेपली नव्हती.

मेथडिस्टांची रीतच तशी. वार्षिक परिषदेत बिशप नेमणुका वाचतात आणि पाळक बाडबिस्तरा उचलतो. सोडलेल्या चर्चच्या मंडळीत मग ढवळाढवळ करायची नाही. तिथले लग्न लावायचे नाही, मातीही द्यायची नाही; चालू पाळकाने बोलावले तरच. रेवजींनी हे जन्मभर कटाक्षाने पाळले. निवृत्त होऊन जवळच नवापुरात राहिले, पण या गावच्या चर्चकडे ढुंकून पाहिले नाही. लोक त्यांना शिष्ट म्हणत. म्हणोत बापडे.

आज मात्र त्यांचा जीव टांगणीला लागला होता. कुंदनच्या आधी धनुबाईला एक मुलगी झाली होती, रुपा. तान्ही असतानाच गेली. तिचा बाप्तिस्मा रेवजींनी केला आणि मातीही त्यांनीच दिली. धनुबाईचा नवरा वारल्यावर ते नाव जाणणारी दोनच माणसे उरली, कारण कुंदनजवळ तिने ते दुःख कधी काढलेच नाही. दुखण्यात रेवजी भेटायला आले तेव्हा ती म्हणाली होती, "मन्हा मातीवर तिन्हं बी नाव ल्या, बाबा. कोणीच लेत नई." त्यांनी शब्द दिला होता.

निदान पाळकांच्या कानावर घालावे म्हणून रेवजी कबरस्तानात पुढे झाले. पाळक शेजारच्या गावच्या लुथरन पाळकांशी बोलत होते.

"बाबा, जरा सरकता का? पाहुण्यांना पुढं येऊ द्या," ते गोड आवाजात म्हणाले.

रेवजी सरकले. आपण कोण हे सांगितले असते, तर त्या तरुण पाळकाने लाजून मातीचा सगळा विधी त्यांच्याच हाती दिला असता. ते मागून घेतल्यासारखेच झाले असते. उघडलेले तोंड त्यांनी मिटले, आणि स्वतःचा त्यांना फार राग आला.

शेवटची प्रार्थना पाहुण्यांना मिळाली. दुसऱ्या मंडळीला हा मान द्यायची पद्धत होती. रेवजींनीही तो कितीदा दिला होता. लुथरन पाळकांनी मनापासून प्रार्थना केली. "हे प्रभू, आमची बहीण धनुबाई, आणि तिचं एकुलतं लेकरू कुंदन..." एकुलतं.

"आमेन," सगळे म्हणाले.

"रुपा," रेवजी म्हणाले.

शेजारी परगावची एक बाई उभी होती. म्हातारा चुकला असे तिला वाटले. तिने हळूच त्यांच्या कोपराला हात लावला.

"आमेन म्हना, बाबा."

त्यांनी तेही म्हटले.